करामातला कॅनडा

साहेबानं चिठ्ठी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "तू लिहिलीस ना? मग वाच."

आता मला वाचता आलं असतं तर मी दुबईत कंपनीची पिकअप कशाला चालवली असती? चौथीत मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं, मी तिथून सरळ घरी गेलो, तो परत गेलोच नाही. हे सुद्धा मी बोलतोय आणि सून लिहून घेतेय. दुबईत रस्त्यावरच्या पाट्या मी रंगावरून आणि आजूबाजूच्या बिल्डिंगांवरून ओळखायचो. एकदा माल शारजाला द्यायचा होता आणि मी अबुधाबीच्या रस्त्याला लागलो. समुद्र भलत्याच बाजूला दिसायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तोवर टाकी अर्धी झाली होती. असला मी, आणि साहेबासमोर छाती काढून सांगत होतो की ही इंग्लिश चिठ्ठी मी लिहिली.

पण हे मधूनच सांगून कुणाला काही कळायचं नाही. आधी सर सांगायला पाहिजेत.

सर म्हणजे आमच्या फर्निचर फॅक्टरीचे टाइमकीपर. सांगलीकडं एका शाळेत वीसेक वर्षं इतिहास शिकवला, शाळा बंद पडली, तसे इकडं आले. फॅक्टरी अल कुझ भागात आणि राहायला करामामध्ये कंपनीचा फ्लॅट. दोन खोल्या, सातजण, एक बाथरूम. सगळ्यांत म्हातारे सर. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं, तरी यांच्या शर्टाचं गळ्याशी बटण लावलेलं. सँडलमध्ये मोजे. आणि मुलीचं पत्र आलं की ते बूट घालून वाचायचे. खरंच सांगतो. पलंगाखालून बूट काढायचे, नाडी बांधायची, मग पाकीट फोडायचं.

मी एकदा हसलो. म्हणाले, "डॉक्टर होणार आहे ती. तिच्याशी बोलताना पायात काहीतरी नको का?"

त्यांना बायको नव्हती, घर नव्हतं, होती ती ही एकटी पोरगी. मेडिकलला होती.

फॅक्टरीत हजेरीची कार्डं त्यांच्याकडं. एक मिनिट उशीर झाला की कार्डावर लाल खूण. ओळख नाही, देख नाही. मला तर इतक्या खुणा, की माझं कार्ड लांबून लग्नपत्रिकेसारखं दिसायचं. पण एका सकाळी बघतो तर सर स्वतःच्याच कार्डावर लाल पेन चालवतायत.

"सर, तुमचं कोण बघायला येतंय?"

"मी आलोय की बघायला," ते म्हणाले. "दोन मिनिटं. नळाला पाणी नव्हतं, पण ते कारण झालं."

फ्लॅटवर आले की मात्र टाइमकीपर संपायचा आणि शाळा सुरू व्हायची. फ्रिजच्या दारावर त्यांनी जगाचा नकाशा चिकटवला होता. दूध काढायला गेलं तरी आफ्रिका उघडायला लागायची. विषय एकच. इंग्रजांचं राज्य एवढं मोठं होतं, मग त्यातले काही देश लढाई न करता हळूहळू आपल्या मनाचे मालक कसे झाले? हे देश सर अशा पद्धतीनं सांगायचे, जशी काय शेजारच्या घरातली पोरं.

"कॅनडा थोरला. गरीब स्वभावाचा, पण कागदावर पक्का. ऑस्ट्रेलिया तोंडाळ, पण लांबचा प्रवास म्हणून आईला धरून. आणि न्यूझीलंड! त्याला म्हणाले, घे बाबा, तुझं तू बघ. तर ते घेईना. दारात किल्ली ठेवून सोळा वर्षं उंबऱ्यावरच बसलं."

मी विचारलं, "मग सर, आपला नंबर?"

डब्याबरोबर खायला सर कांदा चिरत होते, सुरी तशीच राहिली. "गोऱ्यांच्या पोरांना आधी वाढलं," ते म्हणाले. "त्यांनी पण, ज्यांची ती जमीन होती त्या मूळच्या लोकांना विचारलं नाही. सांगतो ते सगळं चांगलंच आहे असं समजू नकोस. मी फक्त वाट कशी काढली ते सांगतोय."

आता वाट काढायची म्हणजे काय, ते आमच्या जेवणापासून सुरू झालं.

फ्लॅटमध्ये गॅस होता, पण चहापुरता. जेवण कंपनीच्या लेबर कॅम्पातून डब्यात यायचं. कॅम्पातून निघून, चार ठिकाणी थांबत, करामाला पोचेपर्यंत उन्हाळ्यात डाळीला फेस आलेला असायचा. आमचा कॅम्प बॉस म्हणजे लेबरच्या राहण्याखाण्याचा मुकादम. भाजीची जुडी जरी आणायची असली तरी त्याची सही. तोंडावर बोलायची कुणाची हिंमत नव्हती, कारण पासपोर्ट सगळ्यांचे ऑफिसात.

सर म्हणाले, "मागायचं नाही. मागितलं की नाही म्हणायचा हक्क समोरच्याला मिळतो. एक छोटी गोष्ट करायची. मग कळवायची. आदरानं."

"छोटी म्हणजे किती छोटी?"

"कॅनडानं माशापासून सुरुवात केली."

मला वाटलं सर चेष्टा करतायत. पण नाही. कॅनडा आणि अमेरिका यांचा मासे धरण्यावरून करार व्हायचा होता. असल्या कागदावर इंग्लंडच्या राजदूताची सही लागायचीच, तो बिचारा पेन घेऊन तयार. कॅनडा म्हणालं, राहू द्या, मासे आमचे, सही आम्ही करतो. आणि केली.

"सही कुणी केली? त्यांच्या मासेमारीच्या मंत्र्यानं," सर म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. "आपल्यात मासे कुणाला कळतात?"

मी गुहागरचा. दुसरं काही कळत नाही, पण बांगड्याचा डोळा बघून तो कालचा की आजचा एवढं सांगतो. झालं. देऱ्याच्या मच्छी मार्केटात एका केरळी भाईशी सरांनी कागद केला: दर शुक्रवारी सात माणसांचे मासे, ताजे. खाली सही माझी. मला सही येते, म्हणजे चित्र काढल्यासारखी येते. सगळा बाजार वास मारत थांबला होता आणि मी जीभ बाहेर काढून अक्षरं काढतोय. तो भाई म्हणाला, "यल्ला भाई, जल्दी करो, मच्छी खराब हो जायेगा."

त्या दिवसापासून सर मला मंत्री म्हणायला लागले.

दुपारी कॅम्प बॉस आला. रश्श्याचा वास जिन्यातच त्याला लागला असणार. "ये किसने किया? मेरा साइन किधर है?"

आम्ही सहाजण ताटात बघायला लागलो. मी तर काट्याशी एवढा खेळलो, की बांगडाच परत जिवंत होईल. सर उभे राहिले, गळ्याचं बटण तपासलं आणि म्हणाले, "आपके साइन की जरूरत नहीं पड़ी. आपको बता रहे हैं, पूरे आदर के साथ. बैठिए, खाना खाइए."

तो उभाच राहिला. मग त्यानं आम्हा सातजणांची तोंडं एकेक करून बघितली, आणि बसला. दोन वेळा भात घेतला. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शुक्रवारी गोल काढला.

वर्षभरात शुक्रवारचे मासे झाले, मग रोजचं रात्रीचं जेवण झालं, मग कॅम्पातला डबाच बंद. मग कॅम्प बॉस आत यायच्या आधी दार वाजवायला लागला. मग एक रजिस्टर आलं. दर शुक्रवारी मीटिंग, सर सेक्रेटरी, आणि हात वर करून ठराव. बाथरूमला आधी कोण, याचा पण ठराव. स्वयंपाक माझ्याकडं. मला आयुष्यात कुणी कसलं काम विश्वासानं दिलं नव्हतं. ते सात माणसांचं रोजचं ताट माझं होतं. बाबूराव म्हणून आमचा पॉलिश मिस्त्री होता, साताऱ्याचा, तोंडानं फटकळ. तो रोज म्हणायचा, "आज काय मारलंस रे आम्हाला?" आणि भांडं पुसून खायचा.

आणि त्याच वर्षी सरांना साठ वर्षं झाली.

साठीनंतर व्हिसा आपोआप पुढं जात नव्हता. आमच्याकडं साहेबाला, म्हणजे फॅक्टरीच्या मॅनेजरला, खास फॉर्मवर सही करावी लागायची, दर वर्षी, त्याच्या मर्जीनं. साहेब आपलाच, पुण्याचा. माणूस वाईट नव्हता, पण "मी" हा शब्द त्याला फार आवडायचा. सरांच्या मुलीचं एक वर्ष राहिलं होतं. शेवटचं. साहेबानं सही केली तर ती डॉक्टर, नाही केली तर महिन्यात सर सांगलीला आणि पोरगी कॉलेजातून घरी. फॉर्म साहेबाच्या टेबलावर गेला आणि तिथंच पडला. दोन आठवडे. मी फाईल पोचवायला जायचो तेव्हा बघायचो. नाव वाचता येत नाही, पण वर क्लिपला सरांचा फोटो होता, बटण लावलेला.

मी म्हटलं, "सर, थोडे दिवस आपण गप बसू. मीटिंग नको, ठराव नको. सही होऊ द्या."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मग तर नकोच," ते म्हणाले.

अशातच तो गुरुवार आला. अर्धा दिवस करून आम्ही फ्लॅटवर आलो, तर कॅम्प बॉस साहेबाची चिठ्ठी घेऊन हजर. उद्या शुक्रवारी सगळ्यांनी सहा वाजता जबल अलीला, हॉटेलच्या साइटवर. सुट्टी रद्द. हा सलग तिसरा शुक्रवार होता. बाबूराव पेटला. "बैल आहोत का आम्ही? बैलाला पण एक दिवस असतो."

सरांनी रजिस्टर काढलं. मला म्हणाले, "मंत्री, गाडी चुकीच्या जागी लावलीस, आधी ती काढ, दंड होईल." मी खाली गेलो. करामात पार्किंग मिळणं म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. तीन फेऱ्या मारून वर आलो, तोवर मीटिंग संपली होती. सगळ्यांचे चेहरे पडलेले. सर पाकिटाला चिकटपट्टी लावत होते.

"साहेब दोनपर्यंत ऑफिसात आहेत. त्यांच्याच हातात दे."

मी काही विचारलं नाही. हीच माझी अक्कल. चेहरे बघून मी ठरवून टाकलं की आत लिहिलंय, आम्ही येणार नाही. अल कुझपर्यंत सिग्नल लाल आहे की हिरवा, ते मागचा हॉर्न वाजवायचा तेव्हा कळायचं. एकच डोक्यात, ही चिठ्ठी पोचली की फॉर्म गेला. रस्त्यात फेकून द्यावी असं दोनदा मनात आलं. पण सरांनी विचारलं असतं, दिलीस का, आणि मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलतो, पण लगेच पकडला जातो. ते पण अर्ध्या तासात सिद्ध झालं.

साहेबानं पाकीट फोडलं, वाचलं, चष्मा काढला. "कुणी लिहिलं हे?"

"मी," मी म्हटलं.

म्हणून तो म्हणाला, वाच.

मी कागदाकडं बघितलं. मुंग्यांची रांग. म्हटलं, आता मागं फिरलो तर सर गेले. मग सरांकडून शंभर वेळा ऐकलेलं सगळं मी कागदावर नजर ठेवून म्हणायला लागलो. "साहेब, यात असं लिहिलंय की आम्ही उद्या येणार नाही. तिसरा शुक्रवार आहे. आधी लंडननं लढाई म्हटलं की सगळे न विचारता लढाईत. मग ते देश म्हणाले, आम्हाला विचारा. कॅनडा म्हणालं, आमची सभा ठरवील. तसं आमची सभा... तर हे सगळं मी लिहिलंय. सरांना काही माहीत नाही."

साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि मराठीत सांगितला, एकेक शब्द ठेवून. "फ्लॅटची सभा झाली. सभेनं आपणहून ठरवलं आहे की उद्या कामावर यायचं. आम्ही सात वाजता पोचू. आपला आज्ञाधारक, सेक्रेटरी."

मी वाकून त्या कागदात डोकावलो, जसं काय मला कळणार होतं.

"येणार म्हणून लिहिलंय रे यात," साहेब म्हणाला.

नंतर मला कळलं, सरांनी सगळ्यांना समजावून हेच ठरवून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कॅनडा गेलंच, पण इंग्लंडनं सांगितलं म्हणून लगेच नाही. एक आठवडा थांबून, स्वतःच्या सभेत ठरवून गेलं. सरांना तो आठवडा फार आवडायचा. आमच्या वाट्याला एक तास आला होता.

मला वाटलं, सुटलो. पण साहेबाचा चेहरा वेगळाच झाला होता. "नाही आलात तर मी समजू शकतो," तो म्हणाला. "माणसं दमतात. पण मी सांगितल्यावर तुम्ही ठरवायला बसलात? मी सांगितल्यावर ठरवायचं उरतं काय?" त्यानं सरांचा फॉर्म उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "फार झालं. किचन बंद. गॅस परत. रजिस्टर बंद. आणि मी बंद केलं असं होता कामा नये. तुम्ही लिहून द्यायचं की आम्हाला नको. कारणासकट, मला वर दाखवावं लागतं. शनिवारी सकाळी कागद इथं, मग मी हा फॉर्म बघतो. खलास."

फ्लॅटवर येऊन मी सगळं सांगितलं, माझ्या शहाणपणासकट. बाबूरावनं मला जे शब्द वापरले ते सून लिहायला तयार नाही.

शुक्रवारी आम्ही सात वाजता साइटवर पोचलो, ठरल्याप्रमाणे. सरांनी सातही कार्डांवर लाल खुणा केल्या.

"आता हे कशाला?" बाबूराव ओरडला.

"हुकूम सहाचा होता. आपण आपल्या मनानं सातला आलो. मग ही खूण पण आपल्याच मनाची."

संध्याकाळी मगरीबची अजान झाली आणि आम्ही बसलो. सरांनी रजिस्टर उघडलं आणि आधीच सांगून टाकलं, "माझा फॉर्म हा फ्लॅटचा विषय नाही. त्यावर बोलायचं नाही. विषय किचन. माझं मत, द्यायचं नाही."

मग ते पुढं बोलले, नकाशाकडं पाठ करून. न्यूफाउंडलंड म्हणून एक देश होता, कॅनडाच्या शेजारी, लहान. त्याला पण बरोबरीचा मान मिळाला होता. मग घर चालेना, पडता काळ आला, आणि त्यांनी स्वतः लिहून दिलं, आमचं राज्य तुम्ही परत चालवा. लंडनहून माणसं आली आणि त्यांची सभा बंद झाली. "शाळेत हा धडा मी कधी शिकवला नाही," सर म्हणाले. "पान उलटून पुढं जायचो. मला बघवायचं नाही."

"त्यांचं काय झालं ते आम्हाला नको," बाबूराव म्हणाला. "किचन परत द्यायचं, कोण कोण?" आणि हात वर केला.

माझा आधीच वर होता. मग एक, मग एक. सहा हात. सर आमच्याकडं असे बघत होते, जशी काय वर्गातली पोरं खिडकीतून उड्या मारतायत.

"तुम्हाला कळतंय का काय करताय? वर्ष लागलं याला."

"पोरीला पण एकच वर्ष लागतंय," बाबूराव म्हणाला. "लिहा."

"ते अजेंड्यावर नाही!"

"बरं नाही. लिहा तरी."

सरांनी पेन उघडलं. सेक्रेटरी तेच, आणि आमच्यातल्या कुणाला ते इंग्लिश लिहिता येणार होतं? ठराव लिहिला. बाजूनं सहा, विरुद्ध एक, हे पण लिहिलं. मग पेन थांबलं. "कारण," ते म्हणाले. "साहेबांना कारण पाहिजे. खोटं मी लिहिणार नाही. आणि खरं..." चष्मा काढून ते पुसत बसले, पुसतच राहिले. साठ वर्षांचा माणूस. आम्ही सगळे फरशीकडं बघायला लागलो.

मी म्हटलं, "लिहा सर. स्वयंपाक्याच्या हाताला चव नाही. लोक कंटाळले."

"खोटं आहे ते."

"खोटं कसं? बाबूरावला विचारा, रोज म्हणतो."

बाबूराव माझ्याकडं बघत राहिला. मग घसा खाकरला. "हो सर. वर्षभर सहन केलं. एका माणसानं किती खायचं?" बाकीचे पण लागले. कुणी म्हणे मीठ, कुणी म्हणे करपट. एकजण म्हणाला, माझा तर पित्ताचा त्रासच याच्यामुळं. मला मेल्यांचा थोडा राग पण आला, इतकं मनापासून बोलत होते.

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या नावासकट लिहावं लागेल."

"लिहा की. माझं नाव आणखी कुठं लागणार आहे?"

त्यांनी लिहिलं. मी खाली सही काढली.

शनिवारी सकाळी मी कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेबानं वाचला, एकदा, मग परत. तोंडाचा कोपरा हलला. "काय रे," तो म्हणाला, "एवढा वाईट करतोस?"

"साहेब, काय सांगू," मी म्हटलं. "माणसं मरायला टेकली होती."

तो मोठ्यानं हसला. हसत हसतच ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, आणि सही करून टाकली.